दुधाची गुठळी, रक्ताची गुठळी

ट्रॉयच्या युद्धात खुद्द युद्धदेव एरीज भाल्याने जखमी होतो आणि कण्हत ऑलिम्पसवर बापाकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, असा प्रसंग होमरच्या 'इलियड'च्या पाचव्या सर्गात आहे. झ्यूस आधी त्याची चांगली खरडपट्टी काढतो आणि मग देवांच्या वैद्याला, पेइऑनला, उपचार करायला सांगतो. औषध लागताच जखम भरून येते. किती झटकन? तर अंजिराचा चीक टाकून ढवळलेले पांढरे दूध जितक्या झटकन घट्ट होते, तितक्या झटकन. चीज करणाऱ्या धनगरांच्या रोजच्या पाहण्यातली ही गोष्ट होमरने देवाच्या जखमेला लावली. 'थ्रॉम्बोसिस' हा शब्द आज आपण डिस्चार्ज कार्डावर वाचतो आणि घाबरतो. त्याची वाट शोधत मागे गेलो, तर आपण रुग्णालयात पोचत नाही, गोठ्यात पोचतो.

ग्रीक भाषेत 'थ्रॉम्बोस' म्हणजे गोळा, गठ्ठा, गुठळी. ती कशाची, हे शब्द सांगत नाही. दुधाची असेल, रक्ताचीही असेल. 'थ्रॉम्बोसिस' म्हणजे गुठळी धरण्याची क्रिया, आणि जुन्या वैद्यकीय ग्रंथांत हा शब्द दूध फाटण्यासाठीही वापरलेला आढळतो. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत हे दोन्ही पदार्थ एकाच घोटात येतात. नवऱ्याचा खून केलेल्या क्लायटेम्नेस्ट्राला स्वप्न पडते, की आपण सापाला जन्म दिला, त्याला दुपट्यात गुंडाळले, छातीशी धरले आणि त्याने दुधाबरोबर रक्ताची गुठळी ओढून घेतली. कवीने तिथे घातलेला शब्द 'थ्रॉम्बोस' हाच आहे. पुढे लूकच्या शुभवर्तमानात येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला असे वर्णन येते, तिथेही हाच शब्द. मराठीचा संसार याबाबतीत अधिक टापटिपीचा आहे. आपल्याकडे दही विरजते, तूप थिजते आणि रक्त साकळते. प्रत्येकाला आपापले क्रियापद. ग्रीकांनी मात्र दूध आणि रक्त एकाच खुंटीला टांगले, आणि मला वाटते त्या आळसातच पुढच्या अडीच हजार वर्षांच्या संशोधनाचे बीज पडले.

रोमनांनी तीच खुंटी लॅटिनमध्ये नेली. 'कोआग्युलम' म्हणजे वासराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेले, दूध घट्ट करणारे द्रव्य. चीजच्या धंद्यात त्याला आज रेनेट म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात 'एकत्र हाकणे' असा धातू आहे, जणू विखुरलेली गुरे दावणीला आणावीत तसा. इंग्रजीतला 'कोअॅग्युलेशन' त्यातूनच आला. तिकडे अॅरिस्टॉटलने रक्तात तंतू असतात आणि ते काढून घेतले तर रक्त गोठत नाही, असे नोंदवून ठेवले होते. हरणाच्या रक्तात ते नसतात म्हणून ते नीट साकळत नाही, असेही त्याचे म्हणणे. रक्त का गोठते याचे उत्तर मात्र ग्रीकांकडे साधे होते: अंगाबाहेर येऊन गार पडते म्हणून. हे उत्तर चुकीचे असूनही दोन हजार वर्षे टिकले.

आपल्याकडे सुश्रुताने प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. तो शल्यचिकित्सक, रक्त का गोठते यापेक्षा वाहणारे रक्त थांबवायचे कसे, ही त्याची निकड. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात तो चार उपाय देतो: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्याने जखमेच्या कडा जुळतात, थंडाव्याने रक्त घट्ट होते, राखेने जखम पिकते आणि डागण्याने शिरा आकसतात. यातले स्कंदन हिंदीच्या पारिभाषिक कोशांनी उचलले आणि तिथे आज 'रक्त स्कंदन' रुळले आहे. मराठी विश्वकोशाने 'रक्तक्लथन' पसंत केले. तो शब्द अचूक असेल, पण दवाखान्याच्या बाकावर बसून कोणी 'बाबांना क्लथन झालंय' म्हणाल्याचे ऐकिवात नाही. तिथे 'गुठळी' चालते.

शिरेतल्या गुठळीच्या रोगाची सर्वांत जुनी नोंद म्हणून वैद्यकाचे इतिहासकार एका चमत्कारकथेकडे बोट दाखवतात. १२७१ साली नॉर्मंडीतल्या राउल नावाच्या विशीतल्या मोच्याची एक पोटरी दुखू लागली आणि सुजली. सूज वर मांडीपर्यंत चढली, पुढे पायाला व्रण पडले. वैद्यांनी हात टेकल्यावर तो पॅरिसजवळ सँ-दनी इथे, वर्षभरापूर्वी वारलेल्या राजा नवव्या लुईच्या समाधीवर गेला, तिथली धूळ पायाला लावली आणि बरा झाला. लुईला संतपद मिळाल्यावर त्याचे चमत्कार जमवणाऱ्या गियोम द सँ-पातुस या पाद्र्याने ही कथा लिहून ठेवली. त्याला राजाचे पुण्य नोंदवायचे होते. त्या ओघात एकाच पायाची सूज, तिचे पोटरीपासून मांडीकडे सरकणे आणि नंतरचा व्रण, इतके तपशील त्याने टिपले, की आजचा डॉक्टर ते वाचून सोनोग्राफी लिहून देईल.

राउल पुरुष होता हा योगायोग. पुढची काही शतके हा रोग प्रामुख्याने बाळंतिणींच्या खोलीत भेटतो. प्रसूतीनंतर काही दिवसांनी एक पाय अचानक सुजायचा, पांढराफटक आणि तुकतुकीत दिसायचा, हात लावू देत नसे. युरोपातल्या सुइणी आणि वैद्य दोघांचेही निदान एकच: बाळाने न प्यायलेले दूध पायात उतरले. इंग्रजीत या दुखण्याचे नावच 'दुधाचा पाय' असे पडले. १७८४ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटने त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि दुधाची समजूत खोडून काढली, मात्र दोष लसीकावाहिन्यांच्या माथी मारला. १८२०च्या दशकात लंडनचे प्रसूतितज्ज्ञ डेव्हिड डेव्हिस यांनी या रोगाने दगावलेल्या बाळंतिणींची शवविच्छेदने केली, तेव्हा ओटीपोटातल्या मोठ्या शिरा गुठळ्यांनी बुजलेल्या दिसल्या. दूध पायात कधीच नव्हते. बाळंतपणानंतर बाईला आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून ठेवण्याची पद्धत मात्र होती, आणि तिच्याकडे बोट दाखवायला अजून कोणी पुढे आले नव्हते.

तोवर रक्त बाहेर काढून पाहणाऱ्यांची एक वेगळी परंपरा उभी राहिली होती. मृतांच्या हृदयात सापडणारे पांढुरके लोळे ही मांसाची वाढ आहे असा समज होता. १६६६ मध्ये बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगीने असा गोळा पाण्याने धुऊन धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा लाल रंग निघून गेला आणि मागे तंतूंचे जाळे राहिले. अॅरिस्टॉटलचे तंतू अखेर डोळ्यांनी दिसले. त्यानंतर शंभर वर्षांनी लंडनमध्ये विल्यम ह्यूसन आला. १७७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने दोन गोष्टी निकालात काढल्या: गार पडल्याने रक्त गोठत नाही, उलट थंडीत गोठणे लांबते, आणि गोठणारा पदार्थ लाल पेशींत नसून त्यांच्याभोवतीच्या पातळ द्रवात आहे. ठरावीक क्षार घातले तर रक्त पातळच राहते, हेही त्याने दाखवले. क्रेव्हन स्ट्रीटवरच्या ज्या घरात बेंजामिन फ्रँकलिन राहत असे, तिथेच ह्यूसनची शरीररचनेची शाळा भरे. १७७४ मध्ये विच्छेदन करताना झालेली जखम चिघळून तो चौतिसाव्या वर्षी गेला. १९९८ मध्ये त्या घराच्या तळघरात मानवी हाडांचा खच सापडला, तेव्हा क्षणभर फ्रँकलिनवरच संशय गेला होता. ती ह्यूसनच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची उरलीसुरली सामग्री होती.

आता आपण बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात येतो. १८४०च्या दशकात तिथल्या शवागारात रूडॉल्फ फिरखो नावाचा विशीतला तरुण काम करत होता. त्या काळी पॅरिसच्या क्रूव्हेइलयेचा दरारा असा, की शिरेचा दाह हेच सगळ्या रोगांचे मूळ हा त्याचा सिद्धांत डोळे मिटून मानला जाई. शिरेत गुठळी दिसली, तर ती दाहातून झाली; फुप्फुसाच्या धमनीत दिसली, तर दाह तिथेच झाला असणार. फिरखोला हे पटेना. फुप्फुसातल्या गुठळीभोवतीची भिंत अनेकदा निरोगी होती, आणि त्याच मृतदेहाच्या पायाच्या शिरेत तुटक्या टोकाची दुसरी गुठळी मिळायची. म्हणजे एक तुकडा सुटून रक्ताबरोबर वर गेला होता. खात्री करण्यासाठी त्याने कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन अडकलेले दाखवले. १८४६ पासून निघत गेलेले हे लेखन १८५६ मध्ये फ्रँकफुर्टला निघालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात एकत्र आले.

दोन वेगळ्या घटनांना दोन वेगळी नावे हवी होती. जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत, जागच्या जागी धरलेल्या गुठळीसाठी त्याने तो जुना, दुधाळ शब्द उचलला: थ्रॉम्बोसिस. पेल्यात काढलेल्या रक्ताचे साकळणे ते कोअॅग्युलेशन. वाहत्या प्रवाहात नको तिथे साकळणे ते थ्रॉम्बोसिस. आणि सुटून दूर जाऊन अडकलेल्या तुकड्यासाठी त्याने 'एम्बोलिया' हा शब्द घेतला, मूळ ग्रीक अर्थाने मध्ये खुपसलेली पाचर. या शब्दाचा आधीचा संसार आपल्याला ओळखीचा वाटेल. मध्ययुगीन युरोपात चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी १९ वर्षांत सात वेळा जो जादा महिना घुसवत, त्याला याच कुळातला शब्द होता. म्हणजे आपला अधिक मास. पंचांगात खुपसलेला महिना आणि धमनीत खुपसलेली गुठळी, दोन्ही एम्बोलिझम. अधिक मासात जावयाला निदान अनारसे तरी मिळतात.

गुठळीची तीन कारणे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी 'फिरखोचे त्रिकूट' म्हणून घोकतो: प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली ओढ. त्याच्या लेखनात हे धागे आहेत, पण त्यांना त्रिकूट म्हणून एका माळेत ओवले ते विसाव्या शतकातल्या लोकांनी. खुद्द फिरखो जानेवारी १९०२ मध्ये बर्लिनच्या ट्रॅममधून उतरताना पडला, मांडीचे हाड मोडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. त्याचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

थ्रॉम्बोसिस कुठे होतो ते कळले. रक्त मुळात गोठते कसे, हा प्रश्न शिल्लक होता, आणि त्याचे उत्तर शोधणारे लोक पुन्हा दुधाकडेच वळले. ग्लासगोच्या अँड्र्यू ब्युकॅननने १८४५ मध्ये दाखवले, की वृषणाभोवती साठणारे, एरवी न गोठणारे पाणी रक्ताच्या धुतलेल्या गुठळीचा अंश पडताच गोठते. रेनेटने दुधाला जे होते तेच हे, असे त्याने लिहिले. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे दोर्पात विद्यापीठातल्या अलेक्झांडर श्मिटने या विरजणाला वेगळे काढले आणि अखेर थ्रॉम्बिन हे नाव दिले. उप्सालाच्या ओलोफ हामरस्टेनच्या टेबलावर तर दोन्ही पातेली शेजारी शेजारी होती: एकीकडे तो दुधातले केसीन रेनेटने कसे फाटते ते अभ्यासत होता, दुसरीकडे रक्तातून फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीच्या तंतूंचा कच्चा माल, शुद्ध करत होता. दूध फाटायला कॅल्शियम लागते हे त्यात कळले. १८९० मध्ये फ्रान्सच्या मोरिस आर्थुस आणि पाजेस यांनी ऑक्झलेट घालून रक्तातले कॅल्शियम बांधून टाकले, तर रक्त गोठेना. कॅल्शियम परत दिले, तर गोठले. आर्थुसचे रेनेटवरचे लेखनही त्याच वर्षीचे. १९१४ मध्ये ब्रुसेल्स आणि ब्वेनोस आयरेस इथे तेच काम करणारे सायट्रेट घालून पातळ ठेवलेले रक्त माणसाला चढवले गेले, आणि पहिल्या महायुद्धात रक्त बाटलीत साठवता येऊ लागले. रक्तपेढीचा पाया अशा रीतीने दूध फाडणाऱ्यांनी घातला, हे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

१९०५ मध्ये पाउल मोराविट्सने सगळे चार घटकांत बसवले, पण विज्ञान चारांवर समाधान मानत नाही. नवे घटक सापडत गेले, एकेकाला चार-चार नावे पडली, आणि १९५०च्या दशकात आंतरराष्ट्रीय समितीने वैतागून सरळ रोमन आकडे वाटले. त्यातला सहावा आजही रिकामा आहे, कारण तो पाचव्याचेच दुसरे रूप निघाला. १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅकफार्लेनने 'नेचर'मध्ये आणि अमेरिकेतल्या डेव्ही व रॅटनॉफ यांनी 'सायन्स'मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे घटक एकामागून एक कसे जागे होतात त्याची साखळी मांडली. दोघांनाही उपमा सुचली ती धबधब्याची. याच रॅटनॉफने जॉन हेगमन या रेल्वे कर्मचाऱ्यात बारावा घटक नसल्याचे १९५५ मध्ये जाहीर केले होते. हेगमनचे रक्त नळीत गोठायला फार वेळ लागे. १९६८ मध्ये कमरेचे हाड मोडून तो रुग्णालयात पडून राहिला आणि दगावला, तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. नळीतले रक्त आणि वाहिनीतले रक्त यांत फिरखोने घातलेली सीमारेषा किती खरी होती, याचा याहून कडू पुरावा मिळणे अवघड.

गुठळी रोखणारे औषध सापडण्याची कथा पुन्हा दुभत्या जनावरांपाशी येते. जळवेच्या लाळेत रक्त पातळ ठेवणारे काही असते हे बर्मिंगहॅमच्या हेक्राफ्टने १८८४ मध्ये दाखवले होते आणि १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती यकृतातून हेपॅरिनचा माग लागला होता. पण खरी नाट्यमय घटना फेब्रुवारी १९३३ ची. उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात बुरशी आलेले स्वीट क्लोव्हरचे वाळके गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनचा शेतकरी एड कार्लसन हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, ते सडके गवत आणि दुधाच्या किटलीत भरून आणलेले, न गोठलेले रक्त. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद होते म्हणून तो कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला आणि किटली समोर ठेवली. लिंकच्या हाताखालच्या माणसांना गवतातले द्रव्य, डायकुमॅरॉल, वेगळे करायला १९३९ साल उजाडले. त्याचाच एक सुधारित भाऊबंद १९४८ मध्ये उंदराचे औषध म्हणून बाजारात आला. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठानाची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ठेवले वॉरफरिन. १९५१ मध्ये एका अमेरिकन रंगरुटाने जीव देण्यासाठी ते खाल्ले आणि व्हिटॅमिन के देताच तो वाचला. मग माणसाला हे देण्याची भीती चेपली. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना तेच दिले गेले.

दरम्यान शब्दाने हॉस्पिटलाबाहेर पाय टाकला. १९४० च्या लंडनवरच्या बाँबवर्षावात लोक रात्रीच्या रात्री आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. पोलिसांचे शवविच्छेदक कीथ सिम्पसन यांना त्यांच्यात फुप्फुसातल्या गुठळीने येणारे मृत्यू एकदम वाढलेले दिसले. लांब पल्ल्याच्या विमानात अधूनमधून उठून चाला असे आज सांगतात, त्याचे हे पूर्वरूप. दुधाशी नाते तरीही सुटले नाही: २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले अँटिथ्रॉम्बिन हे गुठळीविरोधी प्रथिन जनुक बदललेल्या शेळ्यांच्या दुधातून काढलेले होते, आणि ते ज्यांच्यासाठी होते त्यांत, जन्मतः हे प्रथिन कमी असणाऱ्या बाळंतिणीही होत्या. मराठी घरांत हा सगळा शब्दसंभार एकदम शिरला तो २०२०-२१ मध्ये, कोविडच्या साथीत. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत, गुठळी विरघळताना उरणाऱ्या तुकड्याची चाचणी, डी-डायमर, माणसे शेजाऱ्यांशी बोलताना आकड्यासकट सांगू लागली.

आज हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या कुठल्याही आजींच्या घरी 'रक्त पातळ करायची गोळी' असते. ती रक्त पातळ करत नाही, गोठायला उशीर लावते. पण नाव पडले ते पडले. दर महिन्याला लॅबचा माणूस निळ्या झाकणाची नळी आणतो. तिच्या तळाशी थोडे सायट्रेट असते, त्याच्या नऊ पट रक्त त्यात घ्यायचे, नळी खुणेपर्यंत भरली नाही तर नमुना बाद. प्रयोगशाळेत कॅल्शियम परत घालून किती सेकंदांत गुठळी धरते ते मोजतात, आणि त्यावरून आयएनआरचा आकडा निघतो. बहुतेकांचा २ ते ३ च्या दरम्यान हवा, झडप असली तर कधी थोडा वर. आकडा घसरला, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न जेवणाबद्दल असतो. पालक, मेथी, कोबी यांत व्हिटॅमिन के भरपूर, आणि हे 'के' अक्षर त्याच्या शोधकाने, कोपनहेगनच्या हेन्रिक डामने, 'कोअॅग्युलेशन'च्या जर्मन स्पेलिंगवरून घेतले आहे. यकृत गोठणाऱ्या घटकांना कामाला लावते ते या जीवनसत्त्वाच्या जोरावर, आणि गोळी नेमकी तिथेच आड येते. तरीही आजींना पालेभाजी बंद करायला कोणी सांगत नाही. आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच खा, इतकेच सांगतात. मार्गशीर्षात मेथी स्वस्त झाली म्हणून रोज जुडी आणू नका.